डाएट चार्टमध्ये झोपेचा रकाना कुठेय?

इंदूरात कोणाचं वजन वाढलं की पहिला आरोप पोहे-जिलबीवर, मग सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीतल्या, गराडूवर (तळलेला कंद) आणि शेवटी शेवेवर, कारण शेव आपण वरणावर पण घालतो. आरोप अगदीच खोटा नाहीये, खातो आपण दाबून. पण झोपतेस किती, हे कोणी विचारत नाही. उलट आमच्या रामबागेतल्या सगळ्या मावश्या-काकवा एकच सांगतात, जास्त लोळू नको गं, झोपून झोपून अंग सुटतं.

मला हे अजिबात पटत नाही.

माझ्या वहिनीचंच बघा. मुलगा कोचिंगचा, रात्री एक-एकपर्यंत अभ्यास, आणि त्याला कॉफी करून द्यायला ही पण जागी. नर्मदेचं पाणी पहाटे येतं म्हणून नळासाठी परत उठायचं, मग डबे, मग सासूबाईंची बीपीची गोळी. फ्रिजवर डायटिशियनचा चार्ट लावलाय, त्यात बदाम किती भिजवायचे ते पण लिहिलंय, पण झोपेचा एक शब्द नाही. दुपारी चारला ती सेव-परमलचा (शेव-कुरमुऱ्यांचा) डबा उघडते आणि घरचे म्हणतात, हिचा कंट्रोलच नाही बुवा. अरे, चार तास झोपलेल्या माणसाकडून कसला कंट्रोल मागताय!

शिकागो युनिव्हर्सिटीत २००४ मध्ये १२ तरुण, धडधाकट मुलांवर प्रयोग झाला होता. दोन रात्री फक्त चार-चार तास झोप दिली तर पोट भरल्याचं सांगणारं हार्मोन लेप्टिन १८ टक्के उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं, आणि खायची इच्छा कशाची वाढली तर गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. दुधीची भाजी कोणालाच आठवली नसणार. आता सांगा, रात्री बाराला सराफ्यात उभं राहिल्यावर आपण काय मागतो?

२०१० चा एक प्रयोग तर डाएट करणाऱ्यांनी नक्की वाचावा असा आहे, छोटाच होता, दहाच माणसं, पण जेवण तेवढंच मोजून दिलं आणि झोप एकदा साडेआठ तास, एकदा साडेपाच. काट्यावर वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच कमी झालं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली, बाकी सगळं मांसपेशी वगैरे. म्हणजे उपाशी पण राहा आणि जायला हवं ते पोट तिथेच!

आणि २०२२ मध्ये साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी निम्म्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली, खाण्याबद्दल काहीच सांगितलं नाही, तरी झोप वाढलेल्यांचं खाणं बाकीच्यांच्या तुलनेत रोजचं सुमारे २७० कॅलरींनी घटलं. साधारण एक प्लेट पोहे समजा, जिलबी सोडून.

टेन्शनचं पण तसंच. आपल्याकडे म्हणतात काळजीनं माणूस वाळतो, आणि काही जण वाळतात पण, भूकच मरते त्यांची. पण रोजचं बारीक बारीक टेन्शन, ईएमआय, मुलाचा रँक, ऑफिसचा ग्रुप, हे महिनोन्महिने चाललं की शरीरात कॉर्टिसॉल हे टेन्शनचं हार्मोन चढलेलंच राहतं, खा-खा होते आणि चरबी कमरेभोवती जमायला लागते. वर झोप उडते ती वेगळीच, मग परत भूक, परत वजन, आणि वजनाचं पण टेन्शन.

नुसतं झोपून कोणी बारीक होतं असं मी म्हणत नाहीये भिया, खाणं-चालणं लागतंच. पण बाईला चार्ट देण्याआधी घरच्यांनी तिची रात्र मोकळी करावी. मुलगा एवढा मोठा झालाय, कॉफी आपली आपण करेल. नळ एक दिवस दादानं भरावा. सराफा शनिवारी ठीक आहे, रोज-रोज कशाला? आणि कोणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, आठ तास झोपून पण दिवसभर पेंगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा, त्याचा वजनाशी दोन्हीकडून संबंध असतो.

वहिनीला ही पोस्ट टॅग करतेय. दादाला पण.