मावशी, तुझी भाजीवाली पोर्तुगीज नाही

परवा बोरिवलीच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर मेसेज ढकलला: ‘वसईचे ख्रिस्ती म्हणजे १७३९ नंतर मागे राहिलेले पोर्तुगीज. मराठीशी त्यांचा संबंध नाही. बिल्डर येईपर्यंत वसई पडीक होती.’ खाली जोडलेले हात. हीच मावशी वीस वर्षं वसईच्या कुपारी, म्हणजे तिथल्याच ख्रिस्ती समाजातल्या, बाईकडून पापडी आणि केळी घेते, घासाघीस मराठीतच करते!

आधी वंशाचं बघू. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा तहानुसार पोर्तुगीज शिबंदी हत्यारं आणि बायकामुलांसह निघून गेली. गावागावांत राहिले ते इथलेच शेतकरी आणि कोळी. लोपीस, परेरा ही आडनावं बाप्तिस्म्याबरोबर चिकटली. घरात कुपारी बोलतात ती कादोडी, आणि तीच बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही आहे. लिस्बनहून येणाऱ्याला ती कुठल्या गलबतावर शिकवत होते?

एक मात्र कबूल करतो. १५३४पासूनच्या दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली, सगळी धर्मांतरं काही राजीखुशीने झाली नाहीत. पोर्तुगीज रक्तही काही घरांत आलं. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीजच होते. आई इथली. पण ज्याच्या पूर्वजांवर सक्ती झाली त्यालाच आज परका म्हणायचं, ही कुठली तऱ्हा?

मराठीचं तर बोलूच नका. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फादर नको म्हणून तेव्हाही काहींनी ओरड केली होती. प्रकृती बरी नसताना माणूस व्हीलचेअरवरून मांडवात आला आणि मराठीत बोलला. मेसेज लिहिणाऱ्याने मराठीसाठी काय केलं? त्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत.

पडीक वसई? शेजारच्या नालासोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडलेत आणि १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. पुढे बोलायची गरज नाही.

मावशीला हे सगळं पाठवलं. उत्तर आलं, ‘बरं बाबा, मला काय माहीत, आलं तसं पुढे पाठवलं.’