बाप गेलेल्या पोरीची बाइट

समजा, तुम्ही बातमीदार आहात आणि तुमच्या तालुक्यात एक कबड्डीपटू पोरगी आहे. वय १९, चढाईत तरबेज, शिबिराला नुकतीच निवड झालेली. आणि सोयाबीनमध्ये डवरे, म्हणजे कोळपणी, चालू असताना तिचा बाप बाभळीखाली वीज पडून गेला. हाती काय लागलंय ते आधी ओळखा. नुसती खेळाडू असती तर जिल्हा पानावर दोन ओळी, त्याही नाव चुकवून. नुसता बाप असता तर 'वीज पडून शेतकरी ठार', विषय संपला. दोन्ही एकाच घरात सापडले, म्हणजे माल राज्यभर चालणार.

पोस्टमॉर्टेम (पीएम) होऊन प्रेत गावात यायला संध्याकाळ होते. तेव्हा जाऊ नका. उजेड नसतो आणि गावातली पोट्टी तापलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पोचा. घर रडून थकलेलं असतं आणि सोयऱ्यांच्या गाड्या यायच्या असतात. गाडी पारापाशी ठेवा. दारात लावली की बाया पदर ओढून आत जातात आणि अंगण रिकामं पडतं. रिकामं अंगण पडद्यावर चालत नाही.

टिनाच्या छपरीत बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, घेऊ नका. पावसाची एक सर आली की माइकमध्ये नुसतं टिन वाजतं, हुंदका कुठल्या कुठे जातो. कॉलर माइकही नको, ओढणीला घासतो आणि लोगो दिसत नाही तो वेगळाच तोटा. बूम, म्हणजे चॅनलचा लोगो लावलेला माइक, हातात धरा, हनुवटीखाली चार बोटं, जरा डावीकडून. समोरून धरलात तर डोळे पुसायला हात वर जातो आणि नेमक्या त्याच वेळी लोगो झाकला जातो.

पदकं शोकेसमध्ये नसतात, शोकेसच नसते. ती लोखंडी पेटीत असतात, प्रमाणपत्रं बियाण्याच्या पिशवीत. चुलतभावाला सांगा, तो आणून देतो; त्याला वाटतं यातून काहीतरी मदत मिळेल. बापाच्या फोटोभोवती पदकं मांडायचा बेत मात्र सोडा. फोटो असतो तो आधार कार्डावरचा, मोठा होऊन फ्रेममध्ये येतो थेट तेरवीला. त्यापेक्षा भिंतीला टेकलेला डवरा घ्या आणि त्याच्या रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, पदक अडकवा. रिबिनीवर ते गरगर फिरतं आणि कोरी बाजू पुढे येते, म्हणून मागून दोऱ्याने बांधा. रुमण्यावर जिथे मूठ धरून धरून लाकूड गुळगुळीत झालंय, तिथून कॅमेरा पदकावर आणा. सहा सेकंद पुरे.

मग प्रश्न. "बाबांची शेवटची इच्छा काय होती?" विजेखाली सापडलेल्या माणसाला इच्छा सांगायला सवड मिळत नाही हे बरोबर, पण प्रश्न हाच. ती गप्प होईल. तुम्हीही गप्प राहा. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची. इथे दहा-बारातच बाद होते. काही पोरी मात्र रडतच नाहीत. कारण साधं आहे. घरात शिकलेली ती एकटीच, म्हणून पंचनाम्यावर सही तिची, सातबारा शोधला तिने, रात्रभर सोयऱ्यांना फोन लावले तिने. रडायची पाळी तिच्यापर्यंत आलेलीच नसते. अशा वेळी 'डोळ्यांतले अश्रू आटले' असं लिहा आणि कॅमेरा आजीकडे वळवा. आजी रडते.

स्टुडिओतून विचारतील, सचिनसारखी तीही खेळायला जाणार का? १९९९ च्या विश्वचषकात वडील गेल्यावर तो मुंबईला आला, झिम्बाब्वेविरुद्धचा सामना हुकला, परत जाऊन ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. कोहलीचे वडील २००६ मध्ये रात्री गेले आणि त्याने दिल्लीसाठी कर्नाटकाविरुद्ध ९० केल्या. हे दोन दाखले पाठ ठेवा. पोरगी तेरवीआधी शिबिराला गेली तर 'जिगरबाज', नाही गेली तर 'स्वप्न भंगलं'. दोन्ही पट्ट्या आधीच टाइप करून ठेवता येतात. शिबिराचा खर्च आणि तेरवीचं सामान यांतलं एकच होणार आहे, असं ती मध्येच म्हणेल. कापा. लांबतं.

आता खरी कारागिरी. डेस्क, म्हणजे ऑफिसात बातमी तयार करणारे, विचारेल, "कर्ज होतं का?" विदर्भात याचं उत्तर कधी 'नाही' येत नाही. सोसायटीचं पीककर्ज होतं? झालं तर मग, मथळ्यात 'कर्जबाजारी शेतकऱ्याचा मृत्यू' टाका, पुढचं वाचणारा समजून घेतो. व्यक्तिगत दुःखाच्या क्षणांत कॅमेऱ्याने घुसू नये, असं प्रेस कौन्सिलच्या नियमांत आहे. पण नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांच्या फोटोंना लोकहितासाठी सूटही त्यातच आहे. म्हणून फोटोपुरती वीज आणि मथळ्यापुरतं कर्ज. (तुमचं यूट्यूब चॅनल असेल तर एवढाही विचार नको, ते नियम मुळात छापील पेपरांचे.)

यात बिघडतं काय, तेही सांगतो. वीज पडून गेलेल्याच्या घराला सरकारी मदत चार लाख. आत्महत्या ठरली तर एक लाख, तेही 'पात्र' ठरली तर, आणि त्यातले रोख हातात तीस हजार. निकाल पीएम अहवालावर होतो, तुमच्या मथळ्यावर नाही. पण तहसिलात पेपर येतो, आणि "बाई, पेपरात तर वेगळंच आलं" एवढ्यावर फाइल महिनाभर खालच्या खालीच राहते. पोरगी सरावाच्या वेळेला तहसिलातल्या बाकावर बसून असते. तुम्हाला फोन करेल. उचलू नका, त्याची बातमी होत नाही.

तेरवीलाही जायची गरज नाही. तिथे आलू-वांग्याच्या भाजीशिवाय काही मिळत नाही.

क्लिप मात्र जपा. वर्षा-दोन वर्षांनी ती कुठे पदक घेऊन आली की आधी हे रडणं चालवायचं, मग पदक. त्यासाठी फाइलला नाव नीट द्या, गाव आणि तारखेसकट. नुसतं 'रडणे वाइड' लिहिलंत तर दुसऱ्याच गावच्या पोरीचं रडणं हिच्या नावावर जाईल. तसं गेलं तरी अजूनपर्यंत कोणाचा फोन आलेला नाही म्हणा.