कॅमेरा थरथरला म्हणजे क्राइमपट होत नाही

काल नवा मराठी क्राइमपट बघितला आणि मनापासून वाईट वाटलं. नाव लिहीत नाही. महिनाभर सांगली-मिरज रस्त्यावर ज्याचे फलक लागलेत, तोच. कृष्णाकाठची गोष्ट, हळदीच्या गोदामात खून. एवढं कळल्यावर न जाऊन कसं चालेल?

सिनेमा कमी पैशातला वाटावा म्हणून सगळा आटापिटा केलाय. कॅमेरा सारखा हलतोय, निम्मे प्रसंग अंधारात, वाक्यागणिक शिवी. मला यातलं काहीच वर्ज्य नाही. पण ज्या गोदामात गोष्ट घडते, ते गोदाम तरी नीट बघाल की नाही?

खून होतो तो पोत्यांच्या थप्पीआड. झटापट होते, पोती फुटतात, हळकुंडं सांडतात, आणि खुनी पांढराशुभ्र शर्ट घालून बाहेर पडतो! हंगामात आपल्या मार्केट यार्डात नुसतं उभं राहून बघा. भुवयांवर, कॉलरच्या आत, नाकात पिवळी धूळ बसते. हमालांच्या टाचांच्या भेगासुद्धा पिवळ्या असतात. आणि तो शर्ट घरी नेऊन साबणाने धुतला तर? साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत आहे. खुन्याच्या बायकोनं धुणं धुताना तो लाल डाग बघितला असता तर तिथून केवढी गोष्ट उभी राहिली असती! पुरावा गोदामात पसरलेला होता. एकालाही दिसला नाही.

प्रेत लपवायला ही मंडळी रात्रभर गाडी घेऊन फिरतात. अरे, शेजारी हरिपूर आहे. जमिनीखाली हळद साठवायची पेवं तिथली. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच खराब झाली. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. याहून भीतीदायक जागा कुठल्या लेखकाला सुचणार आहे?

पोलीस तपासाचीही तीच गत. भिंतीवर 2025 चं कॅलेंडर, आणि इन्स्पेक्टर दरडावतो, "302 लावीन." 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आता खुनाला कलम 103 लागतं. कुठल्याही ठाण्यात एक चहा पिऊन आला असता तरी हे कळलं असतं. सांगलीचा माणूस "काय करून राह्यला बे" म्हणतो, त्यावर तर बोलायलाच नको.

"मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या," असं काही मित्र म्हणतील. का घ्यायचं? चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा 'कोर्ट' आठवा. त्यात बरेचसे कलाकार व्यावसायिक नट नव्हते, कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून बसलेला. तरी कोर्टातला कंटाळा, वकिलाचं घर, न्यायाधीशाची सहल, सगळं खरं वाटतं, कारण करणाऱ्यांनी आधी ते निरखलं होतं. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

एका गोष्टीसाठी मात्र मी भांडेन. मेलेल्या पोराच्या आईचं काम केलेल्या बाई. पोलीस निरोप घेऊन येतात तेव्हा त्या आधी गॅस बंद करतात, मग पदराला हात पुसतात, आणि मगच विचारतात, "कुठं हाय त्यो?" अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं होतं, आणि लगेच गाणं सुरू केलं. कुणीतरी या बाईंना मुख्य भूमिका द्या. पहिल्या दिवसाचं तिकीट मी आत्ताच काढायला तयार आहे.