प्रेरणेने चपला बाहेर काढून आत यावे

अभिनंदन. छोट्या डिझाइन एजन्सीत तुमची निवड झाली आहे. ऑफिस नारायण पेठेत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिन्याला कठडा आहे, पण त्याला धरू नये. वेबसाइटवर 'आमची टीम' या पानावर अकरा हसरे चेहरे दिसतील, त्यातले पाच खरे. उरलेल्या सहांत सरांच्या सौभाग्यवती, फक्त शनिवारी उगवणारे अकाउंटंट, खालचे मशीनमन, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेली इंटर्न आणि सरांचा लॅब्रॅडॉर आहे. सहावा कोण, हे आम्ही कुणीच विचारलेलं नाही.

पहिल्या दिवशी सर तुम्हाला कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहा पाजतील आणि म्हणतील, "प्रेरणा सगळीकडे असते." हे वाक्य लिहून ठेवा. त्याचा अर्थ एवढाच, की फोटोंच्या वेबसाइटची वर्गणी या महिन्यात भरलेली नाही. सगळीकडे असणाऱ्या वस्तूसाठी वेगळं बजेट कशाला हवं? मी नऊ वर्षं हा चहा पितेय. तेव्हा ती नेमकी कुठे कुठे असते, याबद्दल चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे.

सुरुवात घरातून निघाल्यापासून करा. सिग्नलला गाडी थांबली की कानातला हेडफोन काढा आणि मान वर करा. समोर वाढदिवसाचा फ्लेक्स असेल. पानावर कुणाला किती मान द्यायचा, हे कॉलेजात तुम्हाला दोन सेमिस्टर शिकवलं ना, ते इथे दहा बाय वीस फुटांत पुरं होतं. वर दिवंगत नेते, मग हयात, त्यात आधी दिल्लीचे, मग मुंबईचे. मधोमध गॉगल लावून फोनवर बोलणारा भावी नगरसेवक. खाली गोलांमध्ये बेचाळीस शुभेच्छुक. कुणाचं डोकं कुणापेक्षा किती मोठं, यावर रात्री दोनपर्यंत बैठक झालेली असते. स्विस डिझायनरांनी ग्रिडवर, म्हणजे पान चौकोनांत आखून घेण्यावर, जाड जाड पुस्तकं लिहिली, पण त्यांच्या ग्रिडमधला चौकोन कधी रुसून बसला नाही. हसू नका. हा फ्लेक्स करणाऱ्या पोराला फुटाच्या भावाने, रोख, त्याच रात्री पैसे मिळालेत. आपलं मार्चचं बिल अजून 'सही राहिलीये' या अवस्थेत आहे.

आता 'क्रिएटिव्ह' या शब्दाकडे येऊ. बाहेरच्या जगात ते विशेषण आहे. आपल्याकडे ते नाम आहे, अर्थ सोशल मीडियावरची पोस्ट, आणि ते टाकायचं असतं. "उद्या एकादशी ना? एक क्रिएटिव्ह टाका की." महिन्याच्या करारात अशी बारा क्रिएटिव्ह, सणवार धरून. त्यामुळे तुमची सगळ्यात मोठी प्रेरणा भिंतीवर खिळ्याला लटकलेली असते. कालनिर्णय 1973 साली निघालं, तेव्हा साळगावकरांच्या डोळ्यासमोर उपासतापास करणारी घरं होती. पन्नास वर्षांनी एक अख्खी जमात त्यात चतुर्थी शोधेल ती उपासासाठी नव्हे, तर टाइल्सच्या दुकानाची पोस्ट चुकू नये म्हणून, हे त्यांच्या भविष्यात नसावं.

गेल्या आषाढीचं सांगते. आमचा एक क्लायंट विटा बनवतो. मातीच्या नव्हे, त्या राखाडी, हलक्या, ज्यांना सगळे ब्लॉक म्हणतात. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला सर केबिनमधून (म्हणजे कपाटाच्या पलीकडून) ओरडले, "विठोबा कशावर उभा आहे?"

"विटेवर," आम्ही म्हणालो.

"आणि आपला क्लायंट काय विकतो?"

प्रेरणा यालाच म्हणतात. ती आली की अंगावर काटा येतो आणि घरी जायची वेळ टळते. नव्या इंटर्नने उत्साहाने एआयला विठ्ठल काढायला सांगितलं. त्याने काढलाही, झगमगीत, पण एक हात आशीर्वादाला वर केलेला. हात कमरेवरून काढलेला विठोबा घेऊन आषाढीला पंढरपूरच्या रस्त्याला कोण जाणार? वारकऱ्यांच्या डोक्यावर राजस्थानी फेटे होते, ते वेगळंच. शेवटी मीच बसून रेषांचा साधा विठोबा काढला. खाली राखाडी वीट. त्याखाली ओळ: 'वीट आमची, श्रद्धा तुमची'.

क्लायंटला फार आवडलं. "फक्त विटेवर लोगो येऊ द्या." आला. "जरा मोठा." केला. लोगो मोठा व्हायचा तर वीट मोठी व्हायला हवी, वीट मोठी झाली की विठोबा लहान होतो, हे साधं गणित आहे. पावणेदहाला विठोबा विटेवर उभा न वाटता ओट्यावर ठेवलेल्या मीठदाणीसारखा दिसायला लागला. "आता छान!" असा निरोप आला.

मग क्लायंटच्या वडिलांनी पोस्ट पाहिली. वडील माळकरी. त्यांनी थेट कॉन्फरन्स कॉलच लावला.

"देवाच्या पायाखाली आपलं नाव घातलं?"

"बाबा, पायाशी आहे ते."

"पायाशी नाही रे, पायाखाली. मला दिसतंय."

यावर विक्री खात्याच्या साहेबांनी मत दिलं, की देवाचा भार पेलतो म्हटल्यावर ब्लॉकची ताकद दिसते. त्यावर त्यांच्याच इंजिनियरने शंका काढली, की मूळची वीट भाजलेली असणार आणि आपला माल भट्टीत भाजत नाहीत, वाफेवर पक्का करतात, तेव्हा ही ग्राहकाची दिशाभूल होत नाही का? सव्वाअकराला मला विटेचा वीट आला होता, असं मी म्हणणार नाही, कारण ती कोटी सरांनी आधीच केली होती आणि ते ती ओळ म्हणून सुचवत होते. मध्यरात्री तोडगा निघाला. कुणाच्याच भावना दुखवायला नकोत, वीटच काढून टाका.

त्या आषाढीला वीट विकणाऱ्या कंपनीच्या पानावर विठोबा अधांतरी उभा होता. 114 लाइक आले. त्यातले साठ कंपनीच्याच माणसांचे असावेत, उरलेल्यांत माझी आई.

तुम्ही म्हणाल, यात प्रेरणा कुठे आहे? आहे ना. अशी रात्र काढल्यावर सकाळी उठून पुन्हा जिना चढता येतो, तो काय हवापाण्यावर?

गणपतीचे दिवस मी भराभर ओलांडते. सर मंडळाचे खजिनदार असल्याने कार्यअहवालाचं काम आपल्याकडेच असतं आणि ते सेवाभावाने करायचं असतं. चौसष्ट पानं, त्यात साठ पानं जाहिराती, आणि सगळ्यांना उजवीकडचंच पान हवं. बाप्पा बुद्धीचा देव आहे, पण तो अहवाल छापून झाल्यावर येतो.

दिवाळी मात्र सावकाश सांगायची गोष्ट आहे. फराळवाले काका दरवर्षी जुलैत येतात आणि म्हणतात, "यंदा डबा जरा हटके करा. पण गिऱ्हाइकाला मागच्या वर्षीचाच वाटला पाहिजे." हे वाक्य चौकट करून ठेवावं असं आहे. आम्ही मलईच्या रंगाचा डबा केला, झाकणावर एका रेघेत काढलेली चकली, बाकी मोकळं. काकांनी डमी हातात घेतली, उलटीपालटी केली, हलवली, वासही घेतला. मग मोकळ्या जागेवर बोट टेकवून म्हणाले, "इथे 'आमची कोठेही शाखा नाही' टाका." आम्ही तोंडं वाकडी करून ते टाकलं. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या डब्यावर लेखन म्हणावं असं तेवढं एकच वाक्य होतं. आमचं 'परंपरेचा खुसखुशीत वारसा' हे काकांनी खोडलं ते बरंच केलं.

मग रंग. काकांनी मोबाइल पुढे केला. "हा केशरी पाहिजे." पडद्यावरचा केशरी आतून उजेड मारत असतो, छपाईतला केशरी पिवळ्यावर गुलाबी शाई चढवून आणलेला असतो. दोघांची गाठ पडत नाही. हे मी काकांना चार वेळा समजावलं. खालचे मशीनमन एका वाक्यात समजावून मोकळे झाले. "काका, मोबाइल द्या, मशीनमधून काढतो, जेवढा केशरी उतरेल तेवढा तुमचा."

आता अक्षरं. अक्षरांचा विषय निघाला की सर हळवे होतात. कमल शेडगे कसे नाटकाचं नाव हाताने काढायचे, नुसतं नाव बघून नाटक हसवणारं की रडवणारं हे कसं कळायचं, यावर ते अर्धा तास सुंदर बोलतात. शेडगे 2020 मध्ये गेले तेव्हा सरांनी काळ्या पार्श्वभूमीवर एक पोस्टही टाकली होती, आपल्या लोगोसकट. हे सगळं बोलून झालं की ते घड्याळ बघतात. "तसं काहीतरी कर. पाचपर्यंत. फुकटातला फॉन्ट घे."

मी फुकटातला फॉन्ट घेतला. झाकणावर यादी होती: लाडू, चकली, शेव, शंकरपाळे, करंजी, अनारसे. प्रूफ मी वाचलं, सरांनी वाचलं, काकांनी वाचलं, काकांच्या सूनबाईंनी वाचलं, त्या मराठीच्या शिक्षिका आहेत. चौघांनी ऱ्हस्वदीर्घ काढलं, फोन नंबर तपासले, करंजीची जागा अनारशाच्या वर नेली. पाच हजार डबे छापायला गेले.

पहिली पाचशे झाकणं उतरली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. तळमजल्यावर मावशी खळ लावून डबे चिकटवतात. त्या जिन्याखालून हाका मारायला लागल्या.

"ताई, जरा खाली येता का? हा ल आपला नाही हो."

मी गेले. त्यांनी खळीचं बोट पदराला पुसलं आणि चकलीवर ठेवलं. ल हिंदी वळणाचा होता, उजवीकडे उभा दांडा घेऊन ताठ उभा. आपला ल दोन पाकळ्यांचा. शेव आणि शंकरपाळ्यांतला श पण तिकडचाच. संगणकाच्या लेखी दोन्ही ल एकच, त्यांचा क्रमांकही एकच. मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला वेगळं बजावलं नाही, तर पुष्कळ फॉन्ट आपापल्या सवयीने हिंदीचं वळण काढतात. शासनाने 2009 साली मराठी वर्णमालेचा रीतसर निर्णय काढला, पण फॉन्टला तो वाचायची सक्ती नाही, आणि मलाही कुणी केली नव्हती.

"तुम्हाला कसं दिसलं, मावशी?"

"दिसतंय की. रोज हजार चकल्या चिकटवते."

प्लेट बदलली. सरांनी मावशींना शंभर रुपये दिले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पानावर पोस्ट टाकली: 'बारकाव्यांवर आमची नजर असते'. सोबत लॅब्रॅडॉरचा फोटो. म्हणून सांगते, इन्स्पिरेशन बोर्ड, परदेशी पुरस्कारांच्या वेबसाइट, पहाटे उठून मनात येईल ते पानंच्या पानं लिहिणं, हे सगळं जरूर करा, पण रात्री साडेदहाला खालून हाक आली तर हेडफोन घालून बसू नका.

पैशांचंही प्रेरणेशी नातं आहे, ते तुम्हाला अकाउंटंट सांगतील. बिल फाडलं की क्लायंट पैसे देवो न देवो, अठरा टक्के जीएसटी आपल्याला भरावा लागतो. त्यामुळे सर बिल फाडतच नाहीत, प्रोफॉर्मा, म्हणजे बिलासारखा दिसणारा पण बिल नसलेला कागद, पाठवतात, आणि मग आठवणीचे मेल पाठवतात. या मेलांत जी शब्दकळा असते ती आमच्या कुठल्याही जाहिरातीत नाही. 'आपण व्यग्र असाल याची कल्पना आहे' या वाक्याचे माझ्याकडे चौदा प्रकार आहेत. लेखक व्हायचं असेल तर वसुलीपासून सुरुवात करा.

बाकी मार्गदर्शन तुम्हाला वेळोवेळी मिळेलच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा सर सगळ्यांना वही-पेन्सिल घेऊन खिडकीत बसवतात आणि 'डिजिटल उपवास' असं म्हणतात. त्या दोन तासांत माझी तीन बरी चित्रं झालीत. सरांना सांगू नका, नाहीतर ते मेन स्विच स्वतःच बंद करतील.

आज हे लिहायला बसले तर पावणेबारा वाजलेत. दिवाळी संपून आठवडा झालाय आणि खाली मावशी लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवतायत. आत्ताच फोन वाजला. विटावाले.

"मॅडम, परवा कार्तिकी ना? आषाढीचंच वापरू. फक्त ती वीट परत टाका. बाबांना आता चालतंय म्हणाले."

फाइल सापडलीये. नाव आहे 'विठोबा_फायनल_वीटनको_नक्की_3'. उघडतेय.