टँकवर चादर टाकून शेवाळ जात नाही

उन्हाळा लागला की मरीन टँकवाल्यांमध्ये, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये, एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: "शेवाळ उजेडाने येतं. टँकवर जाड चादर टाकून तीन दिवस अंधार करा. टॉप-अपला (उडालेल्या पाण्याची भर घालायला) घरच्या आरओचं पाणी वापरा. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा. पंधरा-वीस गोगलगायी सोडा. जमलं तर कोकणातून ओला दगड आणा. लाल थर आला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून टाका. शेवाळ कायमचं जाईल."

सोलापुरात चादरींना तोटा नाही, त्यामुळे पहिला उपाय लोक लगेच करून बघतात. सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. दुसरा नंबर पाण्याचा.

उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही, हे खरं. पण उजेड हेच कारण असतं तर जगातला प्रत्येक उथळ प्रवाळ खडक हिरवा दिसला असता. तिथल्या दुपारच्या उन्हापुढे आपला एलईडी म्हणजे काहीच नाही. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये रोग पसरला आणि डायडेमा जातीचे, शेवाळावर जगणारे लांब काट्यांचे काळे सी अर्चिन नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. शेवाळ खाणारे मासे जमैकाच्या आसपास आधीच पकडून संपत आले होते. ऊन होतं तेवढंच राहिलं, खाणारे गेले, आणि काही वर्षांत तिथले खडक शेवाळाने झाकले गेले. इतक्या लांब कशाला, आपलं उजनी धरण बघा. पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून तिच्यात उतरतं, त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस साचतो आणि पाणी हिरवं होतं. उन्हाला दोष देऊन उजनी साफ होईल, असं कुणी म्हणत नाही.

अंधाराने काहीच होत नाही असंही नाही, म्हणून तर मेसेज टिकून आहे. सायनोबॅक्टेरियाचा (शेवाळासारखे दिसणारे, उजेडावर वाढणारे जिवाणू) लाल-जांभळा थर तीन दिवसांत बऱ्याचदा विरतो. केसाळ हिरवं शेवाळ मात्र फिकं पडतं आणि बहुतेक वेळा तग धरतं. जेवढं मरतं ते तिथेच कुजतं, त्यातलं नायट्रोजन-फॉस्फेट पाण्यात उतरतं आणि लाइट लागले की नव्या शेवाळाला आयतं मिळतं. शिवाय अंधारात ऑक्सिजन तयार होणं थांबतं, खर्च चालूच राहतो आणि पीएच उतरतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. आता सोलापूरचा एप्रिल धरा. बाहेर ४२, टँक वरून चादरीने बंद, पंख्याची हवा पाण्याला लागत नाही आणि दुपारी वीज जाते. मासे पृष्ठभागावर तोंड वासून आलेले दिसतील. अंधार करायचाच असेल तर थंडीत करा, फक्त चारी बाजू झाका, वरचा भाग मोकळा ठेवा आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) बंद करू नका.

आता पाणी. प्यायला चांगलं ते टँकला चांगलं, हा समज आपल्या गावात फार महाग पडतो. पाणी थंड करणारा चिलर परवडत नाही म्हणून बहुतेक जण पंखे लावतात. हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते फक्त पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं, आणि रोजच्या टॉप-अपमधून त्यात भर पडत जाते. हिशोब करून बघा. टँक २०० लिटरचा, रोज ४ लिटर पाणी उडतं, म्हणजे महिन्याला १२० लिटर. त्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर महिन्याभरात टँकचं नायट्रेट ६ पीपीएमने (लिटरमागे ६ मिलिग्रॅमने) वर. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, म्हणजे असं पाणी माणसासाठी अगदी उत्तम ठरेल. नळाच्या पाण्याला तुरटी-वाळू-क्लोरीनची प्रक्रिया होते, पण विरघळलेलं नायट्रेट त्यात निघत नाही.

मग घरचा आरओ? त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतो. रीफला, म्हणजे प्रवाळांच्या टँकला, लागतं ते आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) आलेलं, मीटरवर शून्य दाखवणारं पाणी. तेवढ्यावरही निर्धास्त राहू नका. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि टीडीएस मीटरला ती नीट कळत नाही. काचेवर तपकिरी डायटम (सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) पुन्हा धरू लागले तर आधी रेझिन बघा. त्यात आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. मधल्या दिवसांत हौदात बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं. गेल्या आठवड्याचं रीडिंग या आठवड्याला लागू पडत नाही.

"शून्यावर आणा" हा सल्ला ऐकायला शिस्तीचा वाटतो. दगडांवर दोन इंच हिरवे केस आणि टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं, याचा अर्थ फॉस्फेट नाही असा नव्हे. शेवाळ ते तुमच्या आधी उचलतंय. दगड आणि वाळूत मुरलेलं फॉस्फेटही हळूहळू सुटत राहतं. आणि खरोखर शून्य झालं तर जास्त वाईट. कोरल उपाशी पडून फिके होतात आणि रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्म जीव शिरतात: तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात हवेचे बुडबुडे. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या विषारी जातींनी गोगलगायी मरतात. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या टापूत टँक स्थिर ठेवा. फॉस्फेट खूप चढलं असेल तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) थोडा थोडा वापरा, एका दिवसात खाली ओढू नका.

गोगलगायी चांगल्याच. पण टर्बो, ट्रोकस या जातींच्या गोगलगायी खातात ती कोवळी, आखूड वाढ. लांब केस आधी हाताने उपटावे लागतात. एकदम वीस सोडल्या तर महिन्याभरात अर्ध्या उपाशी मरून त्याच पाण्यात कुजतील. आणि त्यांनी खाल्लेलं विष्ठा होऊन टँकमध्येच राहतं. बाहेर काढायला स्किमर, पाणी बदलणं किंवा सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) मुद्दाम वाढवून काढून टाकायचं किटोमॉर्फा शेवाळ लागतं. स्मिथसोनियनमधल्या वॉल्टर एडी यांनी तर जाळीवर मुद्दाम भरपूर उजेड पाडून शेवाळ वाढवायचं आणि खरवडून फेकायचं, असा स्क्रबरच बनवला. मेसेज लिहिणाऱ्याला हे सांगायला हवं.

कोकणातल्या दगडाचं एका ओळीत: त्यावर प्रवाळ असू शकतात, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, केस अंगावर घेऊ नका.

राहिलं अँटिबायोटिक. लाल थर म्हणजे सायनो, तो जिवाणूच, त्यामुळे एरिथ्रोमायसिनने तो जातो. केसाळ शेवाळाला ती गोळी काहीच करत नाही. एकदम मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो, औषधाचं पाणी शेवटी गटारात जातं, आणि ती गोळी मुळात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. पाणी बदलताना तो थर पाइपने ओढून काढा आणि ज्या कोपऱ्यात तो पुन्हा पुन्हा धरतो, तिकडे वेव्हमेकरचं (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) तोंड फिरवा.