मेड इन

सावंतवाडीच्या घरातल्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा तांब्याचा बंब काकांनी घेतला, पितळी समया आत्याने, आणि माळ्यावरचं फिडल माझ्या वाट्याला आलं. वाट्याला आलं म्हणजे, सगळ्यांत शेवटी मी निघालो आणि माझे हात रिकामे होते. व्हायोलिनला आजोबा फिडलच म्हणायचे. गिरगावात नोकरीला असताना शेजारच्या एका गोंयकाराकडून त्यांनी ते विकत घेतलं, त्याच्याकडूनच जुजबी शिकले, आणि पेन्शनीत गावी आल्यावर रोज तिन्हीसांजेला वाजवत. त्या वेळी आळीतली माणसं हटकून देवळात जात.

डोंबिवलीत ती काळी पेटी तीन महिने कपाटावर पडून होती. तिच्यावर बायको लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ठेवायची. एका रविवारी सहज मोबाईलचा टॉर्च मारून मी फिडलच्या पोटातल्या फटीतून आत डोकावलो. आत पिवळी पडलेली चिठ्ठी : 'आंतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस फासिएबात आन्नो 1721'. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, पण ती कसरीने खाल्ली होती. उरलं होतं फक्त 'मेड इन'.

मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तिथेच चुकलं.

दोन वर्षांत 'एचबीडी'पलीकडे काही न लिहिलेला अमेरिकेतला चुलतभाऊ पाच मिनिटांत जागा झाला. 1721 सालचंच 'लेडी ब्लंट' नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे चिठ्ठीतल्या त्याच इटलीतल्या क्रेमोनाच्या नामांकित कारागिराने, स्त्रादिवारीने केलेलं व्हायोलिन, 2011 मध्ये जपानच्या सुनामीग्रस्तांसाठी लिलावात निघालं आणि 1 कोटी 59 लाख डॉलरला गेलं, असं त्याने कळवलं. तेव्हाच्या भावाने सत्तर कोटींच्या वर. कसरीने खाल्लेल्या जागी सगळ्यांनी एकमताने 'इटली' भरलं. काकांचा फोन आला, "वाटण्या झाल्यात, पण कागदावर सह्या कुठे झाल्यात?" आत्याचं म्हणणं निराळंच. "हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतंय ना? आईच्या नथीतला मोती चौऱ्याहत्तर साली हरवला. सगळं घर पालथं घातलं होतं आम्ही. फिडलात कोण बघणार?"

बरण्या खाली उतरल्या. पेटीवर आईची जुनी शाल आली. रात्री मांजर ओरडलं तरी मी उठून कडी बघायचो. सत्तर कोटींचा मालक गॅसच्या सबसिडीचा मेसेज बघून खूश होत होता, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी गिरगावातल्या एका गल्लीत जुनी व्हायोलिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे अंकल आहेत असं कळलं. लोकलमध्ये पेटी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसलो. स्टेशनच्या दाराशी पोलिसाने अडवलं. "काय आहे?" "फिडल." "वाजवून दाखवा." चारांपैकी दोनच तारा होत्या. त्यांतून जो आवाज निघाला तो ऐकून त्याने हात जोडून मला जाऊ दिलं.

अंकलनी चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही. "बाबा, ह्या महिन्यातला तू चौथा. त्याने केलेल्यांपैकी साडेसहाशे उरलीत जगात. माझ्या दुकानात त्याहून जास्त येऊन गेली."

मी बळ एकवटून 'मेड इन' दाखवलं. अंकल माझ्याकडे बघत राहिले. "1721 साली इटलीतला माणूस स्वतःच्या फिडलमध्ये इंग्रजीत कशाला लिहील?"

एवढं साधं आमच्या अख्ख्या खानदानात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यात दोन इंजिनिअर आणि एक वकील आहे. मालावर देशाचं नाव छापायला लावणारे कायदे इंग्लंडने 1887 आणि अमेरिकेने 1890 मध्ये केले. जर्मनीत सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावी तेव्हा घरोघर हाच धंदा : एका घरात माना कोरायच्या, दुसऱ्यात पोटं, तिसऱ्याने जोडायची, आणि डझनावारी माल जगभर रवाना. आत स्ट्रॅडिव्हेरियसची चिठ्ठी, म्हणजे त्याच्या घाटाचं, एवढंच. सेमी पैठणीला आपण पैठणी म्हणतो तसं.

मग अंकलनी काठावरच्या काळ्या दुहेरी रेघेवरून नख फिरवलं. चांगल्या वाद्यात तिथे खाच पाडून लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. आमची रेघ शाईची होती. आतलं खुळखुळणंही त्यांनी ओळखलं. तारांच्या घोडीखाली, पोट आणि पाठ यांच्या मध्ये लाकडाची पेन्सिलीएवढी कांडी उभी असते. ती पडली होती. "इटालियन लोक तिला 'आनिमा' म्हणतात. आत्मा," अंकल म्हणाले, आणि वाकड्या सळईने आत्मा फटीतून बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

एक गोष्ट मात्र ते बराच वेळ बघत राहिले. फिडलच्या टोकाला शंखासारखं वळण असतं. त्याचं एका बाजूचं पॉलिश पार उडालं होतं आणि लाकूड तेल पिऊन काळं झालं होतं. "हनुवटीपाशी काहीच झीज नाही. तुझा आजा मांडी घालून, हे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायचा. आणि अंगाला खोबरेल लावायचा."

लावायचे. पडवीत, लाल पाटावर बसून. मी काही बोललो नाही.

"आहे तसं पाच हजार. दुरुस्त केलंस तर पंधरा. दुरुस्तीचे बारा."

हिशेब ग्रुपवर टाकला. काका फारच उदार झाले : "बाबांची आठवण आहे, तुझ्याकडेच शोभते." चुलतभावाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पुन्हा झोपी गेला. आत्याने तेवढा फोन केला.

"मग आत काय खुळखुळत होतं?"

"आत्मा होता, आत्या."

"असू दे. मोती नव्हता? नीट उलटं करून बघितलंस ना?"