पाच कामगार आणि मुलुंडची सीट

मुलुंडला सुटणारी ती सीट माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण काल संध्याकाळी डब्यातल्या एकाही माणसाने ते मान्य केलं नाही. कुर्ल्याला चढलो, खिडकीशेजारच्या गृहस्थांना "कुठे?" विचारलं, "मुलुंड" असं उत्तर आलं, मी मान हलवली. झाला करार. लोकलमध्ये याला स्टॅम्प पेपर लागत नाही.

चाळिशी उलटल्यावर मी विद्यापीठात उपयोजित नीतिशास्त्र शिकतोय. का, ते विचारू नका, घरी रोज विचारतात. परीक्षा तोंडावर आली म्हणून हातात झेरॉक्स होती. तिच्यावर चित्र: दोन रूळ, एकावर पाच कामगार, दुसऱ्यावर एक.

"हे काय रेल्वेचं?" शेजारी उभ्या काकांनी विचारलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीएवढी रेक्झिनची बॅग. सिग्नल खात्यातून रिटायर्ड, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

मी म्हटलं, "फिलिपा फूट नावाच्या बाईंनी 1967 साली घातलेलं कोडं आहे. ट्राम सुसाट सुटलीय. सरळ गेली तर पाच जण मरतात, वळवली तर एक. चालकाने काय करावं?"

"1967? ट्राम तर 31 मार्च 1964 लाच बंद झाली."

"मुंबईतली. बाई इंग्लंडच्या."

"बरं. ब्लॉक कोणी दिला?"

"कसला?"

"अहो, पाच माणसं रुळावर उतरवलीत ना कामाला? गाड्या थांबवून ब्लॉक घेतला होता का? नसेल तर लाल बावटा कुठाय? शिट्टी मारायला एक माणूस उभा करतात, तो कुठे चहाला गेला?"

"ते बाईंनी दिलेलं नाही."

"मग विचारा बाईंना."

"त्या 2010 साली वारल्या."

"अरेरे," काका खरंच हळहळले. मग लगेच, "आणि गाडी अंगावर आल्यावर रूळ बदलायचा सांधा हलवताच येत नाही. गाडी आत शिरली की तो लॉक होतो. त्यातच आमची उभी नोकरी गेली. तुमच्या सरांना सांगा, प्रश्नच चुकलाय."

वास्तविक फूटबाईंचा मूळ लेख गर्भपातावरचा. ट्राम त्यात येते जेमतेम काही ओळींपुरती. पुढे जगभरच्या प्राध्यापकांनी त्या ओळींवर संसार थाटले. पण हे सांगायला मला कोण वाव देतो! डबा जागा झाला होता. कानात इयरफोन घातलेला एक मुलगा म्हणाला, "एकाला उडवा, विषय संपला." दुसऱ्याची शंका, "तो एकटा ओळखीतला असला तर?" मी भरात येऊन जुडिथ थॉमसन या दुसऱ्या तत्त्वज्ञ बाईंचा पुढचा प्रकार काढला: पुलावर एक जाडा माणूस आहे, त्याला खाली ढकललं तर ट्राम थांबते. त्यावर समोरचे एक भरदार गृहस्थ तडकले, "माझ्याकडे बघून काय सांगताय?"

त्यांची समजूत काढेपर्यंत मुलुंड आलं. खिडकीशेजारचे गृहस्थ उठले. काका बसले.

"काका, ती सीट मी सांगितली होती."

"पण मी बसलोय ना," मांडीवर बॅग घेत ते म्हणाले. "तुम्हीच बघा हिशेब. माझं वय सदुसष्ट, गुडघे गेलेले. तुम्ही तरुण. एकूण त्रास कशाने कमी होतो?"

डबा हसला. तो भरदार माणूस सगळ्यात जास्त हसला. आता कांट हा जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो, दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. पण शब्द देणारा मुलुंडच्या जिन्यावर पोचला होता, त्याला कुठून आणू? गुडघे दुखत होते तर आधीच सांगायचं, मी आपण होऊन सीट दिली असती. दिली असती की नाही हा प्रश्न वेगळा, पण त्यांनी मला ती संधीच ठेवली नाही, याचा राग आहे.

ठाण्याला आणखी माणसं कोंबली गेली. मुंब्र्याच्या वळणावर दारातली रांग सगळी आत रेटली. 9 जून 2025 ला इथेच, दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काही जिवानिशी गेली. "हे घाला परीक्षेच्या पेपरात," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "इथे ब्लॉक कोणी दिला?"

माझ्या सीटवर बसून बोलत नसते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. आमच्या प्रत्येक कोड्यात ठरवायचं असतं एकट्या माणसाने, तेही क्षणभरात. गाड्या किती हव्यात, डबे किती हवेत हे ठरवायला ज्यांच्या हाताशी वर्षानुवर्षं असतात, त्यांच्यावर दहा मार्कांचा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही. आम्ही आपले सुसाट ट्रामचीच उत्तरं पाठ करतोय, आणि फी भरतोय.

डोंबिवली आली. काका उठले, मोठ्या मनाने माझा दंड धरला आणि दाराकडे निघालेल्या सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बसा आता. किती वेळ उभे आहात!"

मलाही डोंबिवलीलाच उतरायचं होतं.